रद्द झालेल्या सहली आणि बहिष्काराचा हिशेब

परदेशी सहलीला कोठे जावे आणि कोठे जाऊ नये, हा प्रश्न आजवर खिशाचा, रजेचा आणि हवामानाचा होता. गेल्या काही वर्षांत तो राष्ट्रनिष्ठेचा झाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी भारताच्या पंतप्रधानांच्या लक्षद्वीप-भेटीवर अभद्र शेरे मारले आणि दोन-तीन दिवसांत मालदीववर बहिष्काराची घोषणा देशभर पसरली. एका मोठ्या प्रवासी कंपनीने तर मालदीवची विमानतिकिटे विकणेच थांबविले. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तान आणि अझरबैजान यांनी उघडपणे पाकिस्तानची बाजू घेतली, तेव्हा तीच घोषणा त्या दोन देशांच्या नावे झाली. पुण्याच्या मार्केट यार्डातील फळव्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे घेणे बंद केले. मुंबई-पुण्याच्या, नाशिक-नागपूरच्या मध्यमवर्गीय घरांत इस्तंबूल आणि बाकूचे ठरलेले बेत मोडून व्हिएतनाम, श्रीलंका, नाहीतर हिमाचल असे नवे बेत मांडले गेले.

या प्रकाराकडे केवळ उपहासाने पाहणे समाजवादी कार्यकर्त्यांना शोभणारे नाही. ज्या देशाचे राज्यकर्ते अन्यायाच्या बाजूने उभे आहेत, त्या देशात आपला पैसा खर्च करू नये, अशी भावना सामान्य कुटुंबात उत्पन्न होणे ही मुळात चांगलीच गोष्ट आहे. बाजारात उभा असलेला माणूस केवळ ग्राहक नसतो, तो नागरिकही असतो, हे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. १९०५ च्या वंगभंगानंतर लोकमान्यांनी जी चतुःसूत्री मांडली, तिच्यातील एक सूत्र बहिष्कार हेच होते आणि त्याच वर्षी पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तेव्हा प्रश्न बहिष्कार करावा की नाही हा नाही. तो कोणाविरुद्ध, कोणाच्या मागणीवरून, कशासाठी आणि कोणाच्या खर्चाने, हा आहे. मालदीव आणि तुर्कस्तान यांच्या प्रकरणांत नेमका हाच प्रश्न कोणी विचारला नाही.

अन्यायी राजवटीशी व्यवहार तोडण्याचे एक उदाहरण भारताने स्वतःच जगापुढे ठेवलेले आहे. दक्षिण आफ्रिकेशी असलेला व्यापार भारताने १९४६ मध्येच, म्हणजे स्वातंत्र्य हाती येण्यापूर्वीच तोडला. भारतीय पारपत्रावर ‘दक्षिण आफ्रिका वगळून’ असा स्पष्ट शेरा कित्येक वर्षे असे, हे जुन्या पिढीला आठवत असेल. १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत भारताचा संघ पोहोचला होता. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात होते आणि चषक प्रथमच भारतात येण्याची खरी शक्यता होती. प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका होता. भारताने सामना खेळण्यास नकार दिला आणि चषक न खेळताच दक्षिण आफ्रिकेकडे गेला. या बहिष्काराला किंमत होती आणि ती बहिष्कार करणाऱ्याने मोजली. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हा बहिष्कार तेथील पीडितांनी मागितलेला होता. १९५९ मध्ये आल्बर्ट लुथुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाला आवाहन केले, तेव्हा या उपायाने आपल्याच आफ्रिकी बांधवांना हाल सोसावे लागतील याची त्यांना पूर्ण जाणीव होती. पण गुलामी लांबण्यापेक्षा ते हाल पत्करणे बरे, असा निर्णय ज्यांना हाल सोसायचे होते त्यांनीच घेतला होता. मुंबईच्या किंवा लंडनच्या दिवाणखान्यात बसून तो कोणी परस्पर घेतलेला नव्हता.

खास पर्यटनाचेच उदाहरण हवे असेल तर ब्रह्मदेशाचे घ्यावे. तेथील लष्करी राजवटीने १९९६ हे पर्यटनवर्ष म्हणून जाहीर केले. रस्ते, हॉटेले आणि जुन्या वास्तूंची डागडुजी यांसाठी लोकांकडून सक्तीची मजुरी करून घेतली जात होती. आँग सान सू ची आणि त्यांच्या पक्षाने पर्यटकांना सध्या येऊ नका असे सांगितले. पुढे २०१० नंतर त्याच पक्षाने भूमिका बदलली: मोठ्या टोळ्यांनी, राजवटीच्या मित्रांच्या हॉटेलांत उतरण्यासाठी येऊ नका, पण स्वतंत्रपणे येऊन सामान्य माणसाच्या खाणावळीत जेवणाऱ्याचे स्वागत आहे. सू ची यांच्या पुढील काळातील राजकारणाविषयी मत काहीही असो, या भूमिकेत अर्थशास्त्राची जाण होती. पर्यटकाचा पैसा सगळा एका ठिकाणी जात नाही. तो कोणाच्या हाती जातो हे पाहून निर्णय घ्यावा लागतो.

आता मालदीवकडे वळावे. सुमारे बाराशे बेटांच्या या देशात १९७२ मध्ये पहिले पर्यटननिवास उभे राहिले आणि ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ या पद्धतीने पुढे सारा धंदा वाढला. अशी बेटे भाडेपट्ट्याने बड्या भांडवलाकडे जातात. मुंबईच्या ताज हॉटेल कंपनीचीही रिसॉर्ट तेथे आहेत. राबणाऱ्यांत परदेशी मजुरांची, विशेषतः बांगलादेशींची संख्या मोठी. २०२२ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आत-बाहेर भरली आणि तीत सव्वा लाखांहून अधिक परदेशी होते. लोकवस्तीच्या बेटांवर छोटी अतिथिगृहे काढण्याची परवानगी मिळाली ती २००९ नंतर, मोहम्मद नाशीद यांच्या राजवटीत. त्यामुळे मासेमारी करणाऱ्या कुटुंबालाही दोन खोल्या बांधून चार पैसे मिळविता येऊ लागले. रात्रीला लाखभर रुपये मोजणे ज्याला परवडत नाही, असा मध्यमवर्गीय प्रवासी साहजिकच या अतिथिगृहांत उतरतो. तेव्हा त्याने सहल रद्द केली की झळ प्रथम कोणाला लागते, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

बहिष्काराचा परिणाम झाला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २०२३ मध्ये सुमारे २ लाख ९ हजार भारतीय मालदीवला गेले होते आणि पाहुण्यांच्या यादीत भारताचा क्रमांक पहिला होता. २०२४ मध्ये ही संख्या सुमारे १ लाख ३० हजारांवर घसरली आणि भारत सहाव्या स्थानी गेला. तेथील पर्यटनमंत्र्यांनी भारतीयांना पुन्हा येण्याची जाहीर विनंती केली. पण त्याच वर्षी मालदीवला गेलेल्या एकूण पर्यटकांची संख्या आदल्या वर्षीच्या सुमारे १८ लाख ८० हजारांवरून २० लाखांच्या पलीकडे गेली आणि पहिले स्थान चीनने घेतले. ज्या चीनच्या वाढत्या प्रभावाविषयी दिल्लीला चिंता होती, त्याच्यासाठी जागा मोकळी करून देण्यास भारतीय पर्यटकाची गैरहजेरी उपयोगी पडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

आणि सरकारने काय केले? अध्यक्ष मुइझ्झू ‘भारत चालते व्हा’ या घोषणेवर निवडून आले होते. त्यांच्या मागणीनुसार मे २०२४ पर्यंत भारताचे सैनिक तेथून परत आले आणि त्यांच्या जागी मुलकी तंत्रज्ञ गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुइझ्झू दिल्लीला आले तेव्हा भारताने ४० कोटी डॉलरांची आणि त्याशिवाय ३ हजार कोटी रुपयांची चलन-अदलाबदलीची सोय त्यांना करून दिली. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान माले येथे गेले आणि ४,८५० कोटी रुपयांचे कर्ज जाहीर झाले. यात सरकारचे काही चुकले असे नाही. दिवाळखोरीच्या काठावर उभ्या असलेल्या लहान शेजाऱ्याला हात देणे हे शहाणपणाचेच परराष्ट्रधोरण आहे. परंतु दीड वर्षापूर्वी ज्या नागरिकांना मालदीवला जाणे म्हणजे देशद्रोह असे सांगण्यात येत होते, त्यांना हा बदल समजावून सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही. मागणी कोणती होती, ती कधी पूर्ण झाली, बहिष्कार कोणी आणि कधी मागे घेतला, यांपैकी कशाचाच पत्ता नाही. गिरणीतला संपसुद्धा तडजोडीचा कागद वाचून दाखविल्याशिवाय मागे घेतला जात नाही.

तुर्कस्तानचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. लोकांचा राग अकारण नव्हता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथे प्रचंड भूकंप झाला तेव्हा भारताने तातडीने बचावपथके आणि फिरते रुग्णालय पाठविले होते. दोन वर्षांनी त्याच देशाच्या बनावटीची ड्रोन पाकिस्तानकडून भारताच्या सीमेवर आली, असे भारत सरकारने सांगितले. चीड येणारच. तथापि आकडे पाहावेत. २०२४ मध्ये तुर्कस्तानला भेट देणाऱ्यांची संख्या, परदेशी स्थायिक झालेले तुर्क धरून, सुमारे ६ कोटी २० लाख होती आणि पर्यटनाचे उत्पन्न ६१ अब्ज डॉलरांच्या घरात होते. भारतीय गेले ते सुमारे ३ लाख ३० हजार, म्हणजे दोनशेत एक. (अझरबैजानात भारतीयांचा वाटा नऊ टक्क्यांच्या आसपास होता, तेथे धक्का अधिक बसला असणार.) ज्या राजवटीने २०२२ मध्ये ८५ टक्क्यांवर गेलेली महागाई स्वतःच्या जनतेवर लादून खुर्ची टिकविली, ती दोनशेतला एक पाहुणा आला नाही म्हणून धोरण बदलील, ही अपेक्षा भाबडी आहे.

खरी खंत वेगळीच आहे. मार्च २०२५ मध्ये, म्हणजे भारतात बहिष्काराची घोषणा होण्याच्या दोनच महिने आधी, इस्तंबूलचे निर्वाचित महापौर एक्रेम इमामोग्लू यांना अटक झाली. अध्यक्षपदासाठी एर्दोगान यांचे तेच प्रमुख प्रतिस्पर्धी मानले जात होते. लाखो लोक रस्त्यावर आले. त्यांच्या पक्षाने, जो सोशॅलिस्ट इंटरनॅशनलचा सभासद आहे, राजवटीच्या मर्जीतील कंपन्यांवर बहिष्कार पुकारला. २ एप्रिलला विद्यार्थ्यांच्या हाकेवरून एक दिवस काहीच खरेदी करायची नाही, असा कार्यक्रम झाला आणि सरकारी वकिलांनी त्याची हाक देणाऱ्यांचीच चौकशी सुरू केली. म्हणजे तुर्की जनता स्वतःच आपल्या राजवटीविरुद्ध बहिष्काराचे शस्त्र चालवीत होती. भारतातील बहिष्काराने या माणसांची दखल घेतली असती, कोणत्या कंपन्या टाळा असे ते सांगत आहेत हे ऐकले असते, तर त्या बहिष्काराला अर्थ आला असता आणि दोन देशांच्या लोकांत नाते निर्माण झाले असते. प्रत्यक्षात ‘तुर्क’ हा शब्दच शिवी म्हणून वापरला गेला. राजवट आणि जनता यांतील भेद पुसला, की बहिष्काराचे द्वेषात रूपांतर होण्यास वेळ लागत नाही.

या द्वेषाची झळ देशातही पोहोचली. १५ मे २०२५ रोजी विमानतळांवर सामान हाताळणाऱ्या एका तुर्की मालकीच्या कंपनीचा सुरक्षापरवाना रद्द झाला. सुरक्षेचे कारण सरकारने दिले. त्याची शहानिशा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण मालक तुर्की असला तरी मुंबईच्या धावपट्टीवर उन्हातान्हात पेट्या उचलणारे हात येथलेच होते. बहिष्काराच्या मिरवणुकीत त्यांच्या नोकरीची हमी ही पहिली मागणी असायला हवी होती. ती घोषणा देणाऱ्यांच्या यादीत नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी, यातलाच हा प्रकार.

शिवाय हा बाणेदारपणा निवडक आहे. पाकिस्तानला लढाऊ विमाने देणारा चीन. संघर्षाच्या काळात चीनकडून पाकिस्तानला ताजी माहिती मिळत होती, असे भारतीय सैन्याच्या उपप्रमुखांनीच जुलै २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितले. त्याच महिन्यात चिनी पर्यटकांना व्हिसा देणे भारताने पुन्हा सुरू केले आणि ऑक्टोबरात थेट विमानसेवाही सुरू झाली. जून २०२५ मध्ये पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांना व्हाइट हाउसमध्ये मेजवानी मिळाली आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लादले. तिरुपूरच्या कापडकामगारांच्या आणि सुरतेच्या हिरेकारागिरांच्या पोटावर पाय आला. अमेरिकेच्या सहली रद्द करा, अशी लाट मात्र उठली नाही. कॅनडातील लोकांनी ती उठविली. त्यांच्या देशाला एक्कावन्नावे राज्य करण्याची भाषा झाली तेव्हा त्यांनी २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाऱ्या मोठ्या प्रमाणावर कमी केल्या, आणि त्यांच्यासाठी अमेरिका हा दूरचा चैनीचा देश नसून शेजारचे अंगण होते. येथे मात्र मुले-नातवंडे तिकडे, त्यामुळे राग इकडच्या लहान देशांवर. बळी तो कान पिळी हे राज्यांराज्यांतील व्यवहाराचे वर्णन आजवर होते; सहलींच्या बाबतीतही ते लागू पडू लागले आहे.

खर्चाची बाजूही तपासली पाहिजे. एक काळ असा होता की परदेशी जाणाऱ्या भारतीयाला खिशात मोजके आठ डॉलर घेऊन निघावे लागे. ती टंचाई कोणी परत मागत नाही. पण आजचे चित्र दुसऱ्या टोकाचे आहे. व्यक्तीला दरसाल अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठविण्याची जी मुभा आहे, तिच्याखाली २०१३-१४ मध्ये सुमारे १.१ अब्ज डॉलर गेले होते. २०२३-२४ मध्ये ३१.७ अब्ज डॉलर गेले आणि त्यांतील सुमारे १७ अब्ज प्रवासासाठी होते. यात धार्मिक यात्रा आणि कामकाजाचा प्रवासही धरलेला आहे, हे खरे. तरी त्या वर्षीच्या दराने ही रक्कम सुमारे १ लाख ४० हजार कोटी रुपये होते. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात साऱ्या देशाच्या ग्रामीण रोजगार हमीसाठी ८६ हजार कोटींची तरतूद होती. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या स्त्रियांच्या घामातून ज्या कल्पनेला आकार दिला, तिच्यासाठी देशाने जेवढे बाजूला काढले, त्याच्या दीडपटीहून अधिक रक्कम एका वर्षात प्रवासावर देशाबाहेर गेली. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपयांचा टप्पा ओलांडला तेव्हा अनेकांना सहलीचा खर्च पुन्हा मोजावा लागला. रुपया घसरला की सहलवाल्याचा एक मुक्काम कमी होतो, आणि खाद्यतेलाची किंमत वाढते ती जो कधी विमानात बसलेला नाही त्याच्या घरात. मालदीव की व्हिएतनाम या वादात ही बाब कोणाच्या ध्यानात येत नाही. एका देशाऐवजी दुसऱ्या देशात तेवढेच डॉलर उधळणे याला त्याग म्हणत नाहीत. तो केवळ पत्ता बदलणे आहे.

मालदीवऐवजी लक्षद्वीपला जा, ही हाक तर अधिकच तपासण्यासारखी आहे. छत्तीस बेटे, त्यांतील दहांवर वस्ती, एकूण क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचौसष्ट हजारांच्या आत. गोडे पाणी म्हणजे वाळू-प्रवाळाखाली साठलेला पावसाच्या पाण्याचा पातळ थर. तो उपसला की खालून खारे पाणी वर येते. बाहेरच्यांना प्रवेशासाठी परवाना लागतो तो याच नाजूक परिस्थितीमुळे आणि जवळजवळ सर्व मूळ रहिवासी अनुसूचित जमातीचे असल्यामुळे. २०२१ मध्ये विकास प्राधिकरणाच्या नियमांचा जो मसुदा प्रशासनाने काढला, त्याखाली आपली जमीन विकासाच्या नावाखाली जाईल या भीतीने बेटांवरील माणसे घराघरांतून उपोषणास बसली. केरळच्या विधानसभेने ३१ मे २०२१ रोजी त्यांच्या पाठिंब्याचा ठराव केला. जानेवारी २०२३ मध्ये तेथे दोन आलिशान रिसॉर्टांचे करार जाहीर झाले. मग २०२४ उजाडता सारा देश देशभक्तीच्या भरात तिकडे जायला निघाला. या बेटवासीयांना कोणी विचारले? मालदीवच्या उपमंत्र्यांना धडा शिकविण्यासाठी कवरत्तीच्या मच्छीमाराच्या विहिरीतले पाणी खर्ची पडणार असेल, तर त्याची संमती घेणे ही किमान सभ्यता होय.

सगळ्यांत कठीण प्रसंग काश्मीरचा आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनच्या कुरणावर २६ जणांची निर्घृण हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. डोंबिवली, पनवेल आणि पुणे येथील घरांवर जे कोसळले, त्यापुढे कोणताही युक्तिवाद थिटा आहे. त्यानंतर लोकांनी काश्मीरचे बेत रद्द केले ते भीतीपोटी, आणि भीती ही काही गुन्हा नव्हे; सरकारनेच ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळे बंद केली. पण त्या भीतीवर स्वार होऊन काश्मिरींना धंदा देऊ नका, असा जो प्रचार झाला, तो निराळ्या जातीचा होता. त्याच कुरणावर पर्यटकांना वाचविताना एक स्थानिक घोडेवाला मारला गेला, हे तो प्रचार करणारे सांगत नव्हते. खोऱ्यात बाजार बंद ठेवून लोकांनी निषेध केला, हेही नाही. मराठी अभिनेते अतुल कुलकर्णी हल्ल्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी पहलगामला गेले आणि लोकांना येण्याचे आवाहन केले; त्यांच्यावर टीका करणाऱ्यांना त्या कृतीतले धैर्य दिसले नाही.

येथे सरकारचीही जबाबदारी आहे. २०२४ मध्ये जम्मू-काश्मीरला दोन कोटींहून अधिक पर्यटक गेले, ही संख्या सर्व काही सुरळीत असल्याचा पुरावा म्हणून वर्षभर मिरविली गेली. तीत वैष्णोदेवीचे यात्रेकरूही होते, हे हळू आवाजात सांगितले गेले. पर्यटकाला राजकीय यशाचे प्रमाणपत्र करण्यात आले, आणि त्या प्रमाणपत्राच्या संरक्षणासाठी त्या दिवशी कुरणावर एक शिपाई नव्हता. सुरक्षेत उणिवा राहिल्याचे जम्मू-काश्मीरच्या नायब राज्यपालांनी पुढे मान्य केले. पदावरून कोणी गेले नाही. शिक्षा झाली ती शिकारेवाल्याला, शाल विणणाऱ्याला आणि घोड्यासाठी कर्ज काढलेल्या माणसाला, ज्यांची वर्षाची कमाई एप्रिल ते जून या तीन महिन्यांत होते.

शाखांतून आणि वाचनालयांतून कार्यकर्त्यांना लोक विचारतात, की यंदा कोठे जावे. त्या प्रश्नाला पक्षाने देशांची यादी काढून उत्तर देण्याचे कारण नाही. ज्या देशातील कामगार संघटना, विद्यार्थी किंवा निर्वाचित विरोधक येऊ नका असे म्हणत असतील, तेथे जाऊ नये, आणि रद्द केलेल्या सहलीच्या पैशांतील काही हिस्सा त्यांच्या लढ्याला द्यावा. जेथील माणसे या म्हणत असतील, तेथील राजवट नापसंत असली तरी जावे, घरगुती अतिथिगृहात उतरावे, आणि परत आल्यावर तेथे काय पाहिले ते सांगावे. काश्मीरमधील घोडेवाल्यांच्या आणि शिकारेवाल्यांच्या संघटना आज काय म्हणतात, हे त्यांनाच विचारून घेणे कठीण नाही. येत्या उन्हाळ्याच्या आधी शाखांनी ते काम हाती घ्यावे.